बारा दिवस मागे राहिलेलं घड्याळ आणि शंभर वेळा फिरलेला बिल्ड

चुकीच्या घड्याळामुळे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधण्याचं काम, पडतो, तेव्हा त्या क्षणी टूलच्या हातात वेळेचे दोन आकडे असतात. एक मशीनच्या घड्याळाचा आणि दुसरा ज्याच्याशी तो ताडून पाहिला त्याचा, म्हणजे फाइलचा, सर्टिफिकेटचा (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याचा) किंवा सर्व्हरचा. बहुतेक टूल्स हे दोन्ही आकडे टाकून देतात आणि फक्त निष्कर्ष छापतात. निष्कर्ष वाचून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. खालच्या प्रकरणात ते पायरी-पायरीने दिसतं. प्रकरणातल्या तारखा आणि आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. टूल्सचं वागणं मात्र जसं आहे तसंच दिलं आहे, आणि जवळपास सगळं कुणालाही आपल्या मशीनवर करून पाहता येईल.

परिस्थिती

एक छोटा एआरएम बोर्ड सीआयचा (कोडमधल्या बदलांनंतर बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेचा) रनर, म्हणजे ते काम करणारं मशीन, म्हणून लावलेला आहे. त्यावर बॅटरीवर चालणारं घड्याळ, म्हणजे आरटीसी, नाही. (रास्पबेरी पाय ४ वर ते नव्हतं. पाय ५ वर सर्किट आलं, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते.) वीज गेली की असा बोर्ड वेळ विसरतो. ही उणीव 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' नावाचं छोटं पॅकेज भागवतं. ते दर तासाला आणि नीट शटडाउन होताना चालू वेळ एका फाइलीत लिहून ठेवतं आणि बूट होताना तीच वेळ घड्याळाला लावतं. डेबियनच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सर्व्हिसमध्ये) दर तासाची कामं १७ व्या मिनिटाला चालतात, म्हणून जतन झालेली वेळही साधारण तिथलीच असते.

६ मार्चला ७:४० वाजता (इथल्या सगळ्या वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) वीज अचानक गेली. शेवटची जतन झालेली वेळ ७:१७. बोर्ड १८ मार्चला १०:३६ वाजता परत चालू झाला आणि त्याने ६ मार्च, ७:१७ पासून मोजायला सुरुवात केली. फरक १२ दिवस ३ तास १९ मिनिटं.

बूट झाल्यावर एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) वेळ सुधारायला हवी होती. पण त्या नेटवर्कमध्ये एनटीपी ज्यावरून चालतं ते बाहेर जाणारं यूडीपी पोर्ट १२३ बंद होतं. वेळ जुळवणारी सर्व्हिस चालू होती, विचारत होती, उत्तर येत नव्हतं. 'टाइमडेट-सीटीएल' चालवलं असतं तर दोन ओळी दिसल्या असत्या: 'एनटीपी सर्व्हिस: ॲक्टिव्ह' आणि 'सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड: नो'. पहिली ओळ पाहून निश्चिंत होणारे बरेच असतात. खरी ओळ दुसरी. सर्व्हिस चालू आहे याचा अर्थ वेळ जुळली आहे असा होत नाही.

सीआयच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे वेळ होती, पण ती मध्यवर्ती सर्व्हर लावत होता, म्हणून ती अचूक १८ मार्चची होती. बोर्ड स्वतःला ६ मार्चमध्ये समजतोय, हे लॉग कितीही वेळा वाचला तरी दिसणार नव्हतं.

काय काय झालं, त्या क्रमाने

गिटने, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलने, कोड ओढला. तिथे काही अडलं नाही, कारण गिट सर्व्हरचं सर्टिफिकेट जानेवारीत दिलेलं होतं. ते ६ मार्चलाही वैध होतं आणि १८ मार्चलाही. शेवटचा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) १८ मार्चच्या सकाळचा, म्हणजे बोर्डच्या दृष्टीने भविष्यातला होता. गिट त्याबद्दल काही बोलत नाही. चेकआउट करताना, म्हणजे फाइली फोल्डरमध्ये काढताना, ते फाइलींना मशीनची चालू वेळ लावतं, म्हणून सगळा कोड ६ मार्चचा दिसू लागला.

मग एका लायब्ररीचा टार (अनेक फाइलींचा एक गठ्ठा) उघडला गेला. तो १७ मार्चला दुसऱ्या, बरोबर घड्याळाच्या मशीनवर बांधला होता, आणि टार फाइलींच्या मूळ वेळा जशाच्या तशा ठेवतं. जीएनयू टारने प्रत्येक फाइलीमागे एक सूचना छापली: 'टाइम स्टॅम्प अमुक इज इतके सेकंद इन द फ्यूचर'. शेकडो ओळी आल्या, एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'यशस्वी', राहिला आणि सीआयने तो भाग दुमडून टाकला. पहिला पुरावा तिथेच झाकला गेला.

त्यानंतर सीमेक (बिल्डची यादी तयार करणारं टूल) आणि निन्जा (त्या यादीप्रमाणे बांधणारं). 'री-रनिंग सीमेक' ही ओळ एकदा आली, परत आली आणि येतच राहिली. एका फेरीला सहा सेकंद धरले तर १०० फेऱ्यांना दहा मिनिटं. शेवटी: 'मॅनिफेस्ट बिल्ड-डॉट-निन्जा स्टिल डर्टी आफ्टर १०० ट्राइज'. म्हणजे शंभर वेळा करून पाहिलं तरी बिल्डची यादी शिळीच आहे.

हा मेसेज वाचणारा सीमेकच्या स्क्रिप्टमध्ये चूक शोधतो आणि त्याला दोष देता येत नाही. यादीत कुणी वाइल्डकार्ड घातलंय का, कॉन्फिगर करताना एखादी फाइल दर वेळी नव्याने लिहिली जातेय का, हे तपासण्यात वेळ जातो. तेच काम दुसऱ्या रनरवर चालवलं की पास होतं. मग बोर्डवर 'कधी चालतो, कधी नाही' असा शिक्का बसतो आणि शोध थांबतो. इथे एक पळवाटही सापडली. टार उघडताना मूळ वेळा लावू नकोस, असं सांगणारा 'वजा एम' पर्याय दिला आणि निन्जा शांत झाला.

खरं नुकसान इथून पुढे झालं. प्रकल्पातला एक भाग साध्या मेकफाइलने (मेक या बिल्ड टूलच्या यादीने) बांधला जात होता आणि वेळ वाचवायला त्याच्या ऑब्जेक्ट फाइली (आधी कंपाइल झालेले तुकडे) सीआयच्या कॅशमधून आणल्या जात होत्या. त्या १५ मार्च, ५:३० च्या होत्या आणि कॅश उघडताना त्यांच्या वेळा टिकल्या. नवा बदललेला कोड मात्र चेकआउटमुळे ६ मार्चचा. मेकने ताडून पाहिलं: ऑब्जेक्ट १५ तारखेची, सोर्स ६ तारखेचा, म्हणजे ऑब्जेक्ट ताजी, कंपाइल करायची गरज नाही. एरवी तीन-चार मिनिटं घेणारा टप्पा काही सेकंदांत संपला. लॉगमध्ये दोन ओळी होत्या: एका ऑब्जेक्ट फाइलचं नाव घेऊन 'हॅज मॉडिफिकेशन टाइम ७६८७०० एस इन द फ्यूचर', आणि शेवटी 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड. युअर बिल्ड मे बी इनकंप्लीट'. एक्झिट कोड शून्य. बिल्ड हिरवा, आत जुना कोड.

पुढे टेस्टसाठी लागणारा डेटा एका मिररवरून (फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) आणायचा होता. मिररचं सर्टिफिकेट १६ मार्चला नवं झालेलं. डाउनलोड करणाऱ्या कर्लने सांगितलं, 'सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड'. या वाक्यात दोष सर्टिफिकेटच्या माथी मारला जातो, म्हणून मिररमध्ये गडबड आहे असं ठरवून कमांडला 'वजा के' लावलं गेलं. म्हणजे सर्टिफिकेट तपासणंच बंद.

सगळ्यात शेवटी फाइली ॲमेझॉन एस-थ्री या साठवण सेवेवर चढवायच्या होत्या. तिथलं सर्टिफिकेट जुनं, ते पास झालं. पण एस-थ्रीने विनंती नाकारली: 'रिक्वेस्ट-टाइम-टू-स्क्यूड'. त्या उत्तरात एररच्या नावासोबत आणखी तीन गोष्टी असतात: विनंतीवरची वेळ, सर्व्हरची वेळ आणि चालणारा कमाल फरक, ९००००० मिलिसेकंद, म्हणजे १५ मिनिटं. विनंती ६ मार्च ८:०५ ची, सर्व्हर १८ मार्च ११:२४ वर. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आले आणि शोध मिनिटभरात संपला.

पाच टूल्सना एकच आजार दिसला होता. उलगडा त्याच टूलने केला ज्याने दोन्ही आकडे छापले.

मेसेज असे का होते

निन्जाचं गणित समजून घेण्यासारखं आहे. बिल्डची यादी ज्या फाइलींवर अवलंबून आहे, त्यातली एखादी यादीपेक्षा नवी असेल तर निन्जा आधी सीमेक परत चालवतो आणि यादी नव्याने लिहून घेतो. नवी यादी लिहिली गेली की तिला मशीनची चालू वेळ लागते. इथे ती ६ मार्च. लायब्ररीची सीमेक फाइल १७ मार्चची. घड्याळ १७ मार्च ओलांडत नाही तोवर यादी कितीही वेळा लिहिली तरी जुनीच ठरणार. हे चक्र कधी संपणारच नाही, म्हणून निन्जाने १०० ची मर्यादा घातली आहे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये याच मेसेजला शेपूट जोडलं गेलं: 'परहॅप्स सिस्टम टाइम इज नॉट सेट'. सहा शब्दांची ही भर फार मोलाची आहे, कारण वाचणारा निदान घड्याळाकडे बघतो. तरी कोणती फाइल आणि किती फरक, हे ती सांगत नाही, आणि ते कळायला शंभर फेऱ्यांची गरजही नाही. पहिल्याच फेरीत फाइलची वेळ मशीनच्या चालू वेळेच्या पुढे आहे हे दिसतं. तिथेच थांबून बोललं तर दहा मिनिटं वाचतात.

मेकचं वागणं वेगळं आहे. भविष्यातली फाइल दिसली की ते फक्त एकदा, पहिल्या अशा फाइलचं नाव घेऊन सूचना देतं. बाकीच्या फाइलींबद्दल गप्प राहतं आणि शेवटी सगळ्यांसाठी मिळून एक ओळ छापतं. नाव आणि सेकंद दिले, ही चांगली बाजू. पण ७६८७०० सेकंद म्हणजे किती, हे डोक्यात कुणी करत नाही. ८ दिवस २१ तास ३१ मिनिटं असं लिहिलं असतं तर वाचणारा दचकला असता. 'बिल्ड अपूर्ण असू शकतो' असं म्हणून यशस्वी कोड परत करणं हे सीआयच्या काळात पुरेसं नाही. माणूस समोर बसून टर्मिनल पाहत असेल तर सूचना उपयोगी पडते. सीआयला फक्त एक्झिट कोड कळतो.

ऑटोकॉन्फ पद्धतीच्या, बांधण्याआधी मशीन तपासणाऱ्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टमध्ये मात्र या बाबतीत जुनी शहाणी सवय आहे. ती अगदी सुरुवातीला एक छोटी फाइल तयार करते आणि ती नवी फाइल कॉन्फिगर फाइलपेक्षा नवी दिसते का ते बघते. तशी नसेल तर: 'न्यूली क्रिएटेड फाइल इज ओल्डर दॅन डिस्ट्रिब्यूटेड फाइल्स! चेक युअर सिस्टम क्लॉक'. कारण सांगितलं, करायची गोष्ट सांगितली, आणि काम सुरू होण्याआधीच थांबवलं. आकडे तेवढे नाहीत.

आणखी काही चांगले नमुने. गो भाषेची सर्टिफिकेटची एरर 'करंट टाइम अमुक इज बिफोर अमुक' असं म्हणून दोन्ही वेळा देते. जीएनयूपीजी सही तपासताना किल्ली भविष्यात तयार झालेली दिसली तर कंसात 'टाइम वॉर्प ऑर क्लॉक प्रॉब्लेम' लिहितं. डेबियनमध्ये पॅकेजेस आणणारं ॲप्ट म्हणतं की रिलीज फाइल अजून वैध नाही, 'इनव्हॅलिड फॉर अनदर १२ डी १ एच ५ मिन'. हा आकडा नीट वाचला तर घड्याळ किमान तेवढं मागे आहे याचं मोजमापच आहे, कारण ती फाइल तर आधीच तयार होऊन तुमच्यापर्यंत पोचली आहे.

आणि एक वाईट नमुना. घड्याळ १ जानेवारी १९७० वर असेल आणि पायथनचं पॅकेज बांधायला घेतलं, तर मेसेज येतो 'झिप डझ नॉट सपोर्ट टाइमस्टॅम्प्स बिफोर १९८०'. झिपच्या तारखा १९८० पासूनच सुरू होतात, त्यामुळे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि वाचणाऱ्याला शंभर टक्के चुकीच्या दिशेला नेतं.

मेसेज कसा हवा

या प्रकरणात निन्जाच्या जागी, किंवा बिल्डआधीच्या तपासणीत, असा मजकूर यायला हवा होता:

'थांबलो. एका फाइलची वेळ या मशीनच्या घड्याळाच्या पुढे आहे.
मशीनचं घड्याळ: २०२५-०३-०६ ०७:२५:१० यूटीसी
फाइल: थर्ड-पार्टी फोल्डरमधली सीमेक-लिस्ट्स, २०२५-०३-१७ ११:०२:४४ यूटीसी
फरक: ११ दिवस ३ तास ३७ मिनिटं
अशा एकूण फाइली: ४१२
शेवटच्या कमिटची वेळही घड्याळाच्या पुढे आहे, म्हणून घड्याळ मागे असण्याची शक्यता जास्त.
आधी बघा: टाइमडेट-सीटीएलमध्ये सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड यस आहे का.
घड्याळ बरोबर असेल तर: ही फाइल जिथून आली त्या मशीनचं घड्याळ बघा.'

यातली प्रत्येक ओळ का आहे ते सांगायला हवं. पहिलं वाक्य फक्त जे दिसलं तेवढंच सांगतं. एका तुलनेवरून घड्याळ चूक की फाइल चूक हे ठरत नाही. टार बांधणाऱ्या मशीनचंच घड्याळ पुढे असू शकतं. 'तुमचं घड्याळ चुकलं आहे' असं टूलने ठामपणे म्हटलं आणि घड्याळ बरोबर निघालं, तर पुढच्या वेळी त्या टूलवर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो, आणि तो बहुधा नेटवर्कशिवायच मिळतो. रेपॉझिटरीतल्या शेवटच्या कमिटची वेळ हा एक. टूल स्वतः कंपाइल झाल्याची तारीख हा दुसरा, कारण स्वतःच्या जन्माआधीची वेळ दाखवणारं घड्याळ नक्की चूक असतं. लिनक्समध्ये सर्व्हिसेस सुरू करणारं सिस्टमडी हेच करतं. बूट होताना घड्याळ त्याच्यात नोंदलेल्या तारखेच्या मागे दिसलं तर ते पुढे ढकलतं. दोन साक्षीदार एकाच बाजूला असतील तर 'शक्यता जास्त' म्हणावं, नसतील तर म्हणू नये.

वेळ यूटीसीमध्ये आणि तसं लिहून द्यावी. स्थानिक वेळ छापली की झोनच्या गोंधळात नवी चूक शिरते. फरक दिवस, तास, मिनिटांत हवा. फाइलींची एकूण संख्या हवी, कारण एकच फाइल भविष्यात असेल तर संशय फाइलीवर जातो, चारशे असतील तर घड्याळावर किंवा टारवर.

सर्टिफिकेटच्या मेसेजलाही हेच लागू. 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' याऐवजी 'सर्टिफिकेट २०२५-०३-१६ पासून वैध, या मशीनचं घड्याळ २०२५-०३-०६ दाखवतं' एवढं लिहिलं तरी 'वजा के' कुणी लावणार नाही. अशा मेसेजमध्ये तपासणी बंद करायचा पर्याय कधीही सुचवू नये. घाईतला माणूस मेसेजमधली पहिली कमांड उचलून चिकटवतो, हे मेसेज लिहिणाऱ्याने गृहीत धरायला हवं.

फरकाचा आकार बरंच सांगतो

दोन्ही आकडे छापले की त्यांच्यातल्या फरकावरून कारण ओळखता येतं. घड्याळ १९७० मध्ये असेल तर वेळ कधी लावलीच गेली नाही. फरक पूर्ण तासांच्या किंवा अर्ध्या तासाच्या पटीत आणि तंतोतंत असेल तर आरटीसीत स्थानिक वेळ लिहिलेली आहे आणि लिनक्स ती यूटीसी समजतो आहे. विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ ठेवतं, म्हणून दोन्ही सिस्टम असलेल्या मशीनवर हे हमखास दिसतं. फरक लॅपटॉप झोपला होता तेवढाच असेल तर व्हर्च्युअल मशीन जागं झालं, पण त्याचं घड्याळ झोपेच्या आधीच्याच वेळेवर राहिलं. रोज काही सेकंदांनी वाढणारा फरक म्हणजे क्वार्ट्झ सरकतोय आणि एनटीपी चालू नाही. एक-दोन सेकंदांचाच असेल तर एनएफएस (नेटवर्कवरून वापरायची डिस्क) बघा. तिथे फाइलला वेळ बहुतेकदा सर्व्हर लावतो आणि ताडून क्लायंट पाहतो.

कंटेनरमधल्या (होस्ट मशीनवर वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्राममधल्या) एररचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावं. कंटेनरला स्वतःचं घड्याळ नसतं, ते होस्टच्या कर्नलचंच वाचतं. लिनक्स ५.६ पासून आलेल्या टाइम नेमस्पेसमध्येही तारीख-वेळेचं घड्याळ वेगळं होत नाही. म्हणून कंटेनरमध्ये शिरून तारीख बदलायचा प्रयत्न 'परवानगी नाही' म्हणून फसतो, आणि इमेज नव्याने बांधण्याचा काहीच उपयोग होत नाही.

बिल्डआधीची तपासणी

टूल्स सुधारेपर्यंत वाट बघायची गरज नाही. कामाच्या पहिल्या टप्प्यात वीस-तीस ओळींची स्क्रिप्ट पुरते. ती तीन गोष्टी करते. शेवटच्या कमिटची वेळ सेकंदांत काढते (गिट लॉगला '%सीटी' हा फॉरमॅट दिला की मिळते) आणि घड्याळ त्याच्या मागे असेल तर थांबते. काही सेकंद सूट द्यावी, कारण कमिट करणाऱ्याचं घड्याळही थोडं पुढे असू शकतं. मग कॅश आणि टार उघडून झाल्यावर 'फाइंड'ला 'वजा न्यूअर-एमटी नाउ' देऊन भविष्यातल्या फाइली मोजते. तिसरी, आतल्या नेटवर्कवरच्या एका सर्व्हरला साधी एचटीटीपी विनंती करून उत्तरातला 'डेट' हेडर वाचते.

तिसऱ्या गोष्टीत दोन खाचखळगे आहेत. एचटीटीपीएसने विचारलं तर चुकीच्या घड्याळामुळे सर्टिफिकेटच नाकारलं जाईल आणि वेळ कळणारच नाही. साधं एचटीटीपी वापरावं, पण फक्त निदानासाठी. त्या उत्तरावरून घड्याळ लावू नये, कारण मधला कुणीही ते बदलू शकतो. दुसरं, उत्तर मधल्या कॅशमधून आलं तर 'डेट' जुनी असते. सोबत 'एज' हेडर दिसला तर ते उत्तर बाजूला ठेवावं.

किती फरकाला थांबायचं? लॉगिनसाठी ओळख पटवणारं केर्बरोस ५ मिनिटं चालवून घेतं, एस-थ्री १५ मिनिटं. सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सर्टिफिकेटवर एक तास मागची सुरुवात घालते, म्हणून तासाभराच्या आत मागे असलेलं घड्याळ तिथे कळतही नाही. हे आकडे ओळख पटवण्यासाठी ठरवलेले आहेत, बिल्डसाठी नाहीत. फाइलींच्या वेळा ताडणाऱ्या बिल्डला दोन सेकंदही महाग पडू शकतात. 'डेट' हेडर पूर्ण सेकंदातच असतो आणि फॅट डिस्कवर फाइलची वेळ २ सेकंदांच्या टप्प्यात लिहिली जाते, तेव्हा २ सेकंदांखाली काही ठरवता येत नाही. ५ सेकंदांवर सूचना आणि ६० सेकंदांवर थेट थांबणं, हे प्रमाण व्यवहारात ठीक बसतं.

आणि मेकच्या सूचनेबाबत: लॉगमध्ये 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' ही ओळ सापडली की कामच फेल करावं. सोपा उपाय आहे आणि या प्रकरणातला जुना कोड त्यानेच अडला असता.

दुरुस्ती

बोर्डाला आतल्या नेटवर्कमधला एनटीपी सर्व्हर दिला. क्रोनीच्या (एनटीपीने वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये 'मेकस्टेप १ ३' ही ओळ ठेवली, म्हणजे पहिल्या तीन मोजमापांत फरक एका सेकंदापेक्षा जास्त दिसला तर वेळ एकदम उडी मारून बरोबर होते. ही ओळ नसेल तर क्रोनी घड्याळाचा वेग बदलून हळूहळू जुळवायला बघतं आणि बारा दिवसांचा फरक तसा भरून निघायची वाट बघणं व्यर्थ आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रम. रनरची सर्व्हिस 'टाइम-सिंक टार्गेट'नंतर (वेळ जुळल्याच्या टप्प्यानंतर) सुरू व्हावी असं सिस्टमडीला सांगितलं आणि 'क्रोनी-वेट' सर्व्हिस चालू केली. वेळ जुळेपर्यंत रनर काम उचलतच नाही. नुसतं 'नंतर' लिहून वाट बघणारी सर्व्हिस चालू केली नाही तर टार्गेट लगेच पार होतं आणि काही फरक पडत नाही. ही चूक फार सहज होते.

शिवाय डीएस३२३१ आरटीसी मॉड्यूल आय-टू-सीवर जोडलं. त्याची अचूकता ० ते ४० अंश सेल्सियसमध्ये अधिक-उणे २ पीपीएम (दहा लाखांत २ भाग), म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. सीआर२०३२ बॅटरीवर ते वीज नसतानाही चालत राहतं. मॉड्यूल लावल्यावर 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' काढून टाकायला हवं, नाहीतर बूट होताना ते जतन केलेली जुनी वेळ परत लावू शकतं.

घड्याळ बरोबर झालं म्हणजे बिल्ड फोल्डर बरोबर झाला असं नाही. तो पूर्ण पुसला. घड्याळ मागे असताना बनलेल्या फाइली आता जुन्या दिसतात आणि बहुधा परत बांधल्या जातात. पण घड्याळ पुढे असताना बनलेल्या फाइली वेळ मागे आणल्यावर भविष्यात अडकून राहतात. त्या दिवसापर्यंत सोर्समध्ये कितीही बदल केले तरी मेक त्यांना ताज्याच समजतं. म्हणून कोणत्याही दिशेची चूक असो, फोल्डर पुसणं हाच नियम. कॅशसाठी टाइमस्टॅम्पऐवजी मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बघणारी पद्धत घेतली, तर चुकांचा हा वर्गच निघून जातो. बेझल हे बिल्ड टूल तसं करतं. कंपाइलचे निकाल साठवणारं सीकॅशही मुळात मजकुराचा हॅश घेतं, पण हेडर फाइलची वेळ कंपाइल सुरू झालेल्या वेळेच्या पुढे असेल तर काही न बोलता कॅश करणं टाळतं. 'कॅश हिट अचानक कमी का झाले' याचं उत्तर कधीकधी घड्याळात असतं.

नवा मेसेज तपासायला मशीनचं घड्याळ हलवायची गरज नाही. 'टच'ला 'वजा डी, १२ डेज' देऊन एका फाइलला बारा दिवस पुढची वेळ लावायची, बिल्ड चालवायचा आणि छापून आलेल्या मजकुरात दोन्ही वेळा, फाइलचं नाव आणि फरक आहेत का हे टेस्टमध्ये ताडायचं. एक्झिट कोड शून्य नसावा, हेही त्याच टेस्टमध्ये.

राहिले ते दोन माग. टारला लावलेला 'वजा एम' आणि कर्लला लावलेला 'वजा के' दोन्ही स्क्रिप्टमधून काढले. त्या 'वजा के'च्या काळात मिररवरून आलेला डेटा टाकून परत आणला. आणि १८ मार्चला बोर्डवर जे बिल्ड हिरवे झाले होते, ते प्रत्येक कमिटसाठी बरोबर घड्याळाच्या मशीनवर रिकाम्या फोल्डरमधून पुन्हा बांधून बायनरीचे हॅश ताडले. जिथे हॅश जुळला नाही ती फाइल रद्द केली आणि तिच्या जागी नवी ठेवली.